मुद्दाम पेटवलेल्या घरासमोर कॅमेरा

घराला आग लागली की आपण अग्निशामक दलाला बोलावतो. पण अग्निशामक दलाच्या जवानांनीच एखाद्या घराला आग लावली तर? दचकू नका. अमेरिकेत हे नेहमीच घडते. पाडून टाकायचे ठरलेले जुने घर मालक अग्निशामक दलाला देऊन टाकतो. दलाचे लोक त्यातील एकेक खोली पेटवतात, विझवतात, पुन्हा पेटवतात. नवे जवान त्या खोल्यांत शिरून खऱ्या आगीशी झुंजायला शिकतात. शेवटी सगळे घर जाळून टाकले जाते. याला प्रत्यक्ष आगीचा सराव म्हणतात.

अशा सरावाच्या वेळी अंगणात बहुधा आणखी एक व्यक्ती उभी असते. तिच्या हातात पाण्याची नळी नसते, कॅमेरा असतो. ती व्यक्ती तिथे काय करते? नुसती रोमहर्षक चित्रे टिपते का? आणि आगीचे छायाचित्र काढणे वाटते तितके सोपे असते का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला भौतिकशास्त्राची बरीच पाने उलटावी लागतील.

सराव, पण खेळ नव्हे

प्रथम हे लक्षात घ्या, की सरावाची आग ही खरीच आग असते. १९८२ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे अशाच एका सरावात दोन जवान मृत्युमुखी पडले. त्यानंतर सरावाचे नियम लिहून काढण्याची निकड सर्वांना जाणवली आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १४०३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले.

हे नियम काय सांगतात? पेटवण्यासाठी पेट्रोलसारखे द्रव वापरायचे नाहीत. लाकडी फळ्यांचे सांगाडे, गवत, पेंढा एवढेच जाळायचे. आत शिरणाऱ्या तुकडीच्या प्रत्येक नळीतून मिनिटाला निदान ३६० लिटर पाणी मिळाले पाहिजे. तिच्या पाठीशी दुसरी नळी तयार हवी आणि तिचे पाणी वेगळ्या ठिकाणाहून यायला हवे. आग पेटवण्यापूर्वी सर्वांनी सगळ्या घरातून चालत जाऊन दारे, खिडक्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठेवायच्या. जखमी माणसाचे सोंग घेऊन कोणालाही आत ठेवायचे नाही. त्या जागी बाहुला ठेवायचा.

हा शेवटचा नियम तुम्हाला उगाच वाटेल. पण २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेअर्ड्सव्हिल येथे एका सरावात तो पाळला गेला नाही. वरच्या मजल्यावर दोन नवख्या जवानांना 'अडकलेली माणसे' म्हणून ठेवले होते. खालच्या मजल्यावर फोमची गादी पेटली, आग पाहता पाहता हाताबाहेर गेली आणि त्यांतील एका तरुणाचा मृत्यू झाला. हे नियम कागदावर उतरण्यासाठी आणि लोकांच्या मनात ठसण्यासाठी माणसांचे प्राण मोजावे लागले आहेत.

म्हणून सरावाच्या ठिकाणी छायाचित्रकारालाही शिस्त असते. त्याने कुठे उभे राहायचे ते सुरक्षा-अधिकारी ठरवतो. धोक्याची शिट्टी किंवा भोंगा कसा वाजेल आणि तो वाजताच कुठे जमायचे हे त्याला जवानांबरोबरच सांगितले जाते. जवानांना "जरा इकडे पाहा" असे म्हणायचे नाही, नळी ओलांडायची नाही, दार अडवायचे नाही. लांबचे जवळ दाखवणारे भिंग लावून तो दुरूनच चित्र घेतो.

तेजाचा घोटाळा

आता कॅमेरा उचलू. पहिलीच अडचण प्रकाशाची.

कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती मोठे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि आतील फिल्म किंवा संवेदक किती संवेदनशील आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट एका पायरीने वाढवली की चित्रात पडणारा प्रकाश दुप्पट होतो. दोन पायऱ्या म्हणजे चौपट, सहा पायऱ्या म्हणजे चौसष्टपट.

छायाचित्रकारांची एक जुनी कोष्टके आहेत. त्यांत स्वच्छ उन्हातील दृश्याला १५ आणि रात्री पेटलेल्या इमारतीला ९ हा प्रकाशांक दिलेला असतो. फरक सहा पायऱ्यांचा, म्हणजे चौसष्टपटीचा! त्यामुळे रात्री झगमगणारी ज्वाला भर दुपारी फिकट दिसते. आयएसओ ८०० ही संवेदनक्षमता आणि एफ ४ हे छिद्र ठेवले, तर रात्रीच्या आगीला सेकंदाचा सुमारे २५० वा भाग इतका वेळ पुरतो.

पण खरी पंचाईत पुढे आहे. एकाच चित्रात लखलखती ज्वाला असते आणि तिच्यासमोर काळोखात उभा असलेला जवानही असतो. आपला डोळा दोन्हीकडे आळीपाळीने पाहतो, बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू दोन्ही मिळून एक चित्र तयार करतो. कॅमेऱ्याला मात्र एका झटक्यात सगळे टिपायचे असते. तो स्वतःच्या मोजणीवर चालू दिला, तर सभोवतालचा काळोख पाहून तो जास्त प्रकाश घेतो. मग ज्वालांचा नुसता पांढरा डाग उमटतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकार ज्वालेच्या तेजाचे माप घेतो आणि बाकीचे अंधारात जाऊ देतो. अशा चित्रात जवानाची फक्त काळी आकृती दिसते; पण तो वाकला आहे, गुडघ्यावर आहे की सरळ उभा आहे, हे त्या आकृतीवरूनही स्पष्ट कळते. शिकवणाऱ्याला तेवढे पुरते, कारण आगीच्या खोलीत सरळ उभे राहणे ही घोडचूक असते. का, ते लवकरच पाहू.

रंगाचा घोटाळा

लाकडाची ज्वाला पिवळी-नारिंगी का दिसते? तिच्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून प्रकाशत असतात. तापलेल्या लोखंडाची सळई आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळी होते, त्यातलाच हा प्रकार. वीनच्या नियमानुसार पदार्थ जितका जास्त तापलेला, तितकी त्याच्या सर्वांत तीव्र प्रारणाची तरंगलांबी कमी. २,८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले, की ही तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. लाकडाच्या ज्वालेचे तापमान १,२०० केल्विन धरले, तर उत्तर येते सुमारे २.४ मायक्रोमीटर.

आपल्या डोळ्याला दिसतो तो प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा. याचा अर्थ असा, की ज्वालेची बहुतेक ऊर्जा अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. आपण जिला 'आग' म्हणून पाहतो, तो त्या ऊर्जेचा अगदी बारीक शेपटाकडचा भाग होय. आणि त्यातही लाल रंगच जास्त, निळा फारच थोडा.

आजचे कॅमेरे पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून रंगांचा तोल आपोआप साधतात. आगीसमोर हीच सोय नडते. नारिंगी प्रकाश 'दुरुस्त' करण्याच्या नादात कॅमेरा ज्वालेला फिकट करून टाकतो. यावर उपाय सोपा आहे : ही स्वयंचलित सोय बंद करून दिवसाच्या प्रकाशाची, म्हणजे सुमारे ५,५०० केल्विनची खूण लावून ठेवायची. मग नारिंगी ते नारिंगीच राहते.

रंगाची ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ५ जुलै १८५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो गावात पिठाच्या गिरण्यांना मोठी आग लागली. जॉर्ज बर्नार्ड या छायाचित्रकाराने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे डॅगेरोटाइप पद्धतीने, तिचे चित्र घेतले. जगातील अगदी सुरुवातीच्या वृत्तछायाचित्रांत त्याची गणना होते. पण ते पत्रे निळ्या आणि जांभळ्या किरणांनाच दाद देत आणि ज्वालेत नेमका त्यांचाच दुष्काळ! शिवाय चित्रात रंग उमटतच नसत. मग काय केले? ज्वालांच्या जागी हाताने लाल रंग भरला!

आगीचा श्वास

शटर किती वेळ उघडे ठेवायचे? एक क्षणभर थांबून ज्वालेकडे पाहा. ती सारखी एका उंचीची राहत नाही. फुगते, वर झेपावते, तुटते, पुन्हा फुगते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी थंड हवा आत घुसते आणि ज्वालेच्या बुडाशी भोवरे तयार होतात. प्रत्येक भोवरा ज्वालेचा एक गोळा घेऊन वर जातो.

या ठोक्यांनाही एक साधे सूत्र आहे. आगीच्या तळाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १.५ ला त्याने भागा. ज्वाला सेकंदाला साधारण किती वेळा फुगते ते कळते. एक मीटर व्यासाच्या लाकडाच्या ढिगावर सेकंदाला दीड वेळा, म्हणजे दोन सेकंदांत तीन वेळा. चार मीटरच्या आगीत त्याच्या निम्म्याने. मोठी आग सावकाश 'श्वास' घेते!

छायाचित्रकार या तालाची वाट पाहतो. सेकंदाचा तीसावा भाग शटर उघडे ठेवले तर ज्वाला मऊ रेशमी पदरासारखी येते. हजाराव्या भागात तीच गोठल्यासारखी, तिच्या सगळ्या जिभांसह उमटते. धुराचेही तसेच. आणि धुराच्या कडा स्पष्ट येणे का महत्त्वाचे, तेही आपण पुढे पाहणार आहोत.

फ्लॅश नको रे बाबा!

अंधार आहे, मग फ्लॅश का वापरू नये? तीन कारणांनी.

पहिले कारण धूर. समजा, धुराचे कण तुमच्यापासून एक मीटरवर आहेत आणि जवान चार मीटरवर. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे तुम्ही शिकला आहात. त्यामुळे धुराच्या कणांना जवानाच्या सोळापट प्रकाश मिळतो. चित्रात पांढरे धुके येते, जवान गायब!

दुसरे कारण जवानाच्या अंगरख्यावरील चकचकीत पट्ट्या. त्यांत काचेचे बारीक मणी बसवलेले असतात. मण्यात शिरलेला किरण वळतो, मागच्या बाजूवरून परततो आणि जिकडून आला तिकडेच माघारी जातो. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. म्हणून त्याचा सगळा प्रकाश थेट भिंगात परत येतो आणि पट्ट्या विजेसारख्या चमकतात. ज्या गुणामुळे हा जवान अंधारात सोबत्यांना दिसतो, तोच गुण चित्राचा विचका करतो.

तिसरे कारण सर्वांत मोठे. अंधाराला सरावलेल्या जवानाच्या डोळ्यांसमोर अचानक लख्ख प्रकाश पाडला, तर काही क्षण त्याला पायरीही दिसणार नाही.

जे कॅमेऱ्याला दिसत नाही

छायाचित्रात एक गोष्ट कधीच उमटत नाही : उष्णता. पेटत्या खोलीत छताजवळ तापलेल्या वायूंचा थर जमतो आणि तो खाली उतरू लागतो. उभ्या माणसाचे डोके या थरात जाते. जमिनीलगत मात्र हवा बरीच थंड आणि स्वच्छ असते. जवान गुडघ्यांवर का चालतात, ते आता कळले ना?

या थराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोचले की भयंकर गोष्ट घडते. प्रारणाची तीव्रता केल्विन तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ३०० अंश सेल्सिअस म्हणजे ५७३ केल्विन आणि ६०० अंश म्हणजे ८७३ केल्विन. तापमान दीडपटीने वाढले, पण प्रारण पाचपटींहून अधिक! जमिनीवरील प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २० किलोवॅट उष्णता कोसळते. माथ्यावरच्या कडक उन्हाच्या वीसपट. खोलीतील सर्व वस्तूंमधून वायू निघू लागतात आणि काही सेकंदांत सगळी खोली एकदम पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. पूर्ण पोशाख घातलेला जवानही त्यात काही सेकंदांपेक्षा जास्त तग धरू शकत नाही.

उष्णता 'पाहण्यासाठी' जवान स्वतःच एक निराळा कॅमेरा आत नेतात. तो ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो. धुराचे बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही लहान. दृश्य प्रकाशाला ते अडवतात; पण एवढ्या लांब लाटा त्यांना ओलांडून सहज पुढे जातात. त्यामुळे दाट धुरात पडलेला माणूस या कॅमेऱ्याला दिसतो. गंमत अशी, की साध्या काचेतून मात्र हे किरण जात नाहीत. म्हणून या कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे करतात आणि बंद खिडकीपलीकडचे त्याला काहीच दिसत नाही!

चित्रांचा उपयोग कोणाला?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. ही चित्रे कशासाठी?

आत शिरलेल्या जवानाला घर बाहेरून कसे दिसत होते हे कळत नाही, बाहेरच्याला आतले कळत नाही. सराव संपल्यावर सारे एकत्र बसतात आणि चित्रे क्रमाने पाहतात. यासाठी छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्याचे घड्याळ आधीच अधिकाऱ्याच्या घड्याळाशी जुळवून घेतो. १० वाजून १२ मिनिटांच्या चित्रात खिडकीतून धूर संथ, सरळ वर जात आहे. १० वाजून १४ मिनिटांच्या चित्रात तोच धूर काळा, दाट झाला आहे आणि उकळत्या पाण्यासारखा गोळ्यागोळ्यांनी उसळतो आहे. असा धूर म्हणजे इशारा असतो : आत उष्णता साठली आहे, फ्लॅशओव्हर जवळ आला आहे. धूर हा केवळ कचरा नसतो. त्यात न जळलेले वायू असतात, म्हणजे तो स्वतःच इंधन असतो. धुराच्या कडा स्पष्ट हव्यात त्या याचसाठी. मग पाण्याचा मारा सुरू होतो आणि पुढच्या चित्रात पांढरे ढग दिसतात. ती वाफ. एक लिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि तेवढे होताना ते पाणी आगीतील प्रचंड उष्णता गिळून टाकते. काळ्याचे पांढरे कोणत्या मिनिटाला झाले, हे चित्रच सांगते.

चित्रांनी जुन्या समजुतीही बदलल्या आहेत. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने सारख्या आकाराच्या दोन खोल्या शेजारीशेजारी पेटवून त्यांचे चित्रण केले. एकीत लाकूड, कापूस अशा जुन्या वस्तूंचे सामान, दुसरीत फोम आणि कृत्रिम धाग्यांचे आजचे सामान. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला सुमारे २९ मिनिटे लागली. नव्या खोलीत तो चार मिनिटांच्या आतच झाला! ज्यांनी ही दोन चित्रे शेजारीशेजारी पाहिली, त्यांना आकडे पाठ करावे लागले नाहीत. जुलै २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स बेटावर सुमारे २० रिकामी घरे अशाच अभ्यासासाठी जाळण्यात आली. पाणी तयार नसताना खिडक्या फोडल्या तर आत घुसणाऱ्या हवेने आग कशी भडकते, हे तापमापकांनी मोजले आणि कॅमेऱ्यांनी दाखवले.

आपल्याकडेही अग्निशमनाचे पद्धतशीर शिक्षण आहे. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि ती विझवणारे ६६ जवान कामी आले.

तुम्ही करून पाहा

घर पेटवण्याची गरज नाही! शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना जवळ बसवून, शेजारी पाण्याची बादली ठेवून, हे तीन प्रयोग करा.

१. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकदा ज्योतीवर आणि एकदा मागच्या भिंतीवर बोट ठेवून चित्र घ्या. दोन्ही चित्रांत ज्योतीचा आकार आणि रंग ताडून पाहा.

२. दप्तरावरील किंवा सायकलवरील चकचकीत पट्टी अंधारात दूर ठेवा. विजेरी आधी डोळ्याशेजारी धरून आणि मग हात लांब करून प्रकाश टाका. पट्टी केव्हा जास्त उजळते?

३. उदबत्तीचा धूर आधी काळ्या कापडासमोर पाहा, मग उजेड असलेल्या खिडकीसमोर पाहा. एकदा तो निळसर दिसेल, एकदा तपकिरी. धूर तोच आहे. मग छायाचित्रावरून धुराचा रंग सांगताना पाठीमागे काय होते हे का विचारावे लागते, ते वर्गात चर्चा करून ठरवा.

आणि वर्तमानपत्रात पुन्हा कधी आगीचे छायाचित्र दिसले, तर ज्वालांवरच नजर खिळवून ठेवू नका. धूर कोणत्या खिडकीतून येतो आहे, तो संथ आहे की उसळता, जवान उभे आहेत की वाकलेले, पाणी कुठे पडते आहे, हे शोधा. सरावाला आलेला नवा जवान पहिल्या दिवसापासून हेच पाहायला शिकतो.